तळलेला हत्ती

५ जून

ताई,

'प्रिय' लिहिलं होतं, खोडलं. मग 'तीर्थरूप' लिहून पाहिलं, तर माझं मलाच हसू आलं. तेव्हा नुसतीच ताई. हाक म्हणून एवढं पुरे.

तुझं पत्र पोचलं. तू आईकडे तक्रार केलीस म्हणे, की ही फोन उचलत नाही आणि म्हातारीसारखी पत्रं काय लिहीत बसते. उचलत नाही, कारण फोनवर मला एखादा शब्द सापडेपर्यंत तू माझं वाक्य पुरं करून टाकतेस. तेही चुकीचं. मला म्हणायचं असतं 'किसणी', तू म्हणतेस 'चाळणी', मग मीही कंटाळून 'हो, चाळणी' म्हणते आणि आपण दोघी चाळणीबद्दल बोलत राहतो. कागद थांबतो. शब्द येईना झाला तर मी उठते, खिडकीची काच पुसते, परत येते. तोवर तो आलेला असतो. जिनं इतकी वर्षं नाटकाच्या विंगेत उभं राहून नटांना विसरलेली वाक्यं पुरवली, तिला स्वतःला कुणी शब्द पुरवलेले आवडत नाहीत, हे तुला न सांगता कळायला हवं होतं.

माझी तब्येत उत्तम आहे. झोप छान लागते. नाटक कंपनीतलं काम सोडलं, कारण कंटाळा आला. प्रॉम्प्टरचं काम म्हणजे पायांची वाट. आमचे मुख्य नट, ज्यांना सगळी कंपनी भाऊ म्हणते, त्यांनी निरोपाच्या दिवशी सगळ्यांसमोर मला मिठी मारली. आता घरी बसून आईची भांडी घासते आणि वर तिचीच बोलणी खाते. सुखात आहे.

आई तुला काहीबाही सांगते, तिकडे लक्ष देऊ नकोस. 'ही परत अधूनमधून हरवायला लागली' असं ती म्हणाली असेल, पण मी भिंतीकडे बघत होते. माणसाला कधी भिंतीकडे बघावंसं वाटतं.

आता तुझ्या मुद्द्याचं. तुमचं नवं औषध माणसांवर तपासायला सुरुवात होतेय, आणि त्या चाचणीत मी यावं असं तुला वाटतं. 'तुझ्यासाठीच तर हे सगळं केलं गं, बटण,' असं लिहिलं आहेस. हे वाक्य मी आईला वाचून दाखवलं नाही. ती रडली असती, आणि तिच्या रडण्यापुढे मला 'नाही' म्हणणं कधी जमलेलं नाही.

आणि तू विचारतेस, की आमच्या गावात कॉलेजच्या हॉलमध्ये तुझं भाषण झालं, तेव्हा मी येऊनही न भेटता का गेले. कुणीतरी सांगितलेलं दिसतं. हो, आले होते. मागे बसले होते, दाराजवळ. छान बोललीस. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बहुतेक वेळा कशा बोलतात, तर एक पेशी रसायन सोडते आणि मधली फट ओलांडून ते दुसरीपर्यंत पोचतं. पण काही पेशींच्या भिंती एकमेकींना अगदी चिकटलेल्या असतात आणि त्या भिंतींना आरपार बारीक बोगदे असतात. त्यातून वीज सरळ या पेशीतून त्या पेशीत जाते, विचारपूस न करता. एक पेटली की शेजारीण पेटते, तिची शेजारीण पेटते, सगळ्या एका ठेक्यात पेटतात आणि माणसाला फिट येते. मग ते बोगदेच बंद करणारं औषध मिळालं तर? इथे तू पाणी प्यायलीस. पाणी पिण्याची ती जागा बरोबर निवडली होतीस. मला कळतं त्यातलं.

पण मग तू भिंतीतल्या भोकाची गोष्ट सांगितलीस. आपल्या दोघींच्या खोल्यांमधल्या भिंतीत, नळाचा पाइप काढून टाकल्यावर राहिलेलं भोक. त्याला तोंड लावून आपण कुजबुजायचो. हॉल हसला. त्या भोकातून तू मला काय विचारायचीस, तेही सांगशील की काय, म्हणून मी उठून जायच्या बेतात होते. तेवढं सांगितलं नाहीस. उपकार झाले.

मला फिट येऊन गेली की तू विचारायचीस ते तीन प्रश्न. मी कोण? आपण कुठे आहोत? काल काय जेवलीस? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी खरी द्यायचे. तिसऱ्याचं उत्तर ठरलेलं होतं, तळलेला हत्ती. मी 'तळलेला हत्ती' म्हणाले की तू श्वास सोडायचीस, आईला ओरडून सांगायचीस, 'आली गं ही परत!' बोलता बोलता मी मध्येच थांबते, कुणी बटण दाबल्यासारखी, म्हणून 'बटण' हे माझं नावही तूच ठेवलंस. मला ते आवडायचं.

तुझ्या औषधाला हो म्हणायचं की नाही, हे मी ठरवणार आहे. त्याआधी मला एका प्रश्नाचं उत्तर हवं. मागच्या वर्षी माझ्या डोक्याचं ऑपरेशन झालं. मी शुद्धीवर आले तेव्हा तू कुठे होतीस?

एवढंच लिही. बाकी काही नको.

तुझी धाकटी


१८ जून

ताई,

आलं उत्तर. 'बाकावरच होते गं, ऑपरेशन थिएटरच्या बाहेर, त्या हिरव्या बाकावर. त्यांनी आत सोडलं नाही. जुनं कशाला उकरतेस?'

हिरव्या. खोटं बोलताना तू नेहमी रंग सांगतेस. लहानपणी फुलदाणी तू फोडलीस, आणि आईला सांगितलंस की मांजर आलं होतं, करड्या रंगाचं. आईनं विश्वास ठेवला तो त्या करड्यामुळे.

मी तुला संधी दिली होती. तुझ्याकडे ती साखळीच्या चष्म्याची मैत्रीण आहे ना, तुझ्याच प्रयोगशाळेतली, भाषणाला तुझ्यासोबत आलेली? चहाच्या टेबलापाशी तिनं मला गाठलं. तू तेव्हा प्राध्यापकांच्या गराड्यात होतीस.

"अय्या, तुम्ही हिच्या बहीण? सख्ख्या? नाकच सांगतंय की!" म्हणाली. मग हातात बिस्किट ठेवून सुरूच झाली. "तुमच्या ताईसारखी बाई मी पाहिली नाही हो. मागच्या वर्षीचा तो संप आठवतो? बस नाही, टॅक्सी नाही. आमच्याकडे मेंदूचे काप घेणारा माणूस तापानं फणफणलेला. आणि नेमका त्याच दिवशी हॉस्पिटलातून तुकडा यायचा होता. फिटच्या पेशंटचा, जिवंत. ताजा असतानाच कापायला लागतो, नाहीतर फुकट. मग ही स्वतः गेली. थर्मास पोटाशी धरून पूल ओलांडून चालत आली आणि अंगातला कोटही न काढता कापायला बसली."

मी म्हणाले, "मग?"

"मग काय, ऊन उतरेपर्यंत जागची हलली नाही. पुढ्यात जेवण आणून ठेवलं, ते तसंच. सगळं काम त्या एका तुकड्यावर उभं आहे आमचं. आणि गंमत सांगू? आमच्याकडे तुकड्यांना नुसते आकडे असतात. हिनं त्याला नाव ठेवलं. आम्ही अजून चिडवतो तिला. बटण!"

बिस्किट चहात पडलं. ते फुगून तळाला जाईपर्यंत मी कपात बघत राहिले. तिला बिचारीला काहीच माहीत नव्हतं. तुझी बहीण फिटची पेशंट आहे हे तुझ्या जवळच्या मैत्रिणीला माहीत नाही, ताई. नाकावरून ओळखू आले तेवढंच.

संपाच्या दिवशी माझं ऑपरेशन झालं, तुझ्याच शहरात. म्हणूनच आई तुझ्या घरी अडकली आणि माझ्याजवळ पोचायला तिला दिवस मावळला. बाहेर तू एकटीच होतीस. मला आत नेताना तू माझ्या टाळूला हात लावून म्हणालीस, "डोळे उघडशील तेव्हा पहिलं तोंड माझं. तीन प्रश्न. हत्ती तयार ठेव." त्या भरवशावर मी भूल घेतली. नाहीतर मला भुलीची किती भीती, हे तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक आहे?

मी डोळे उघडले तेव्हा समोर एक दिवा होता आणि एक नर्स. बाई प्रेमळ होती. नाव विचारलं, मी सांगितलं. मग म्हणाली, "बाहेरून कुणाला बोलावू?" आणि मला तुला बोलवायचं होतं. तुझा चेहरा दिसत होता, तुझा तो निळा कोट दिसत होता, पण शब्द नव्हता. 'ताई' हा शब्द. जन्मल्यावर मी पहिला म्हटलेला. मी म्हणाले, "ती." नर्स म्हणाली, "ती कोण?" मी पुष्कळ शोधलं आणि म्हणाले, "भोक." तिला वाटलं मी डोक्याच्या जखमेला घाबरले. "भोक नाही हो राहिलं, छान टाके घातलेत," म्हणाली. मी रडायला लागले तर तिनं नाक पुसलं, दाराबाहेर जाऊन बघून आली आणि म्हणाली, "बाहेर तर कुणीच नाही."

हे मी तेव्हा तुला सांगितलं नाही. तू संध्याकाळी आईच्या मागोमाग आलीस आणि म्हणालीस, "दिवसभर बाकावर बसून पाठ मोडली बाई." आईनं तुझ्या पाठीवरून हात फिरवला. मला वाटलं, नर्सनंच नीट पाहिलं नसेल. वर्षभर मी त्या नर्सला खोटं ठरवत आले.

आणि त्या वेळी तू पुलापलीकडे होतीस. माझ्या डोक्यातून काढलेला अक्रोडाएवढा तुकडा गार खारट पाण्यात ठेवून, त्यात ऑक्सिजनचे बुडबुडे सोडून, त्याला जगवत होतीस. तुकडा मी राजीखुशीनं दिला होता, संशोधनाला म्हणून. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्या दिवशी आम्ही दोघं होतो, तो आणि मी, आणि तू एकच होतीस. तू त्याला निवडलंस. आणि त्याला माझं नाव दिलंस.

केसानं गळा कापलास, ताई.

नात्यातल्या माणसाच्या तुकड्याला हात लावायचा नाही, असा तुमच्याकडे नियम आहे. तूच कधीतरी सांगितलं होतंस. मी कुणाला काही बोललेले नाही. अजून तरी.

बटण (तो तुकडा नव्हे. उरलेली.)


२१ जून

ताई,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितेय, कारण एक गोष्ट आठवली आणि ती आता डोक्यातून जात नाही.

आईकडचं ते जेवण. डॉक्टर म्हणाले होते, अजून एक गोळी देऊन बघण्यासारखी आहे. ती लागू पडली नाही तर ऑपरेशनचा विचार करू, घाई काहीच नाही. मला ती गोळी बघायची होती. नवं नाटक तालमीत होतं. तू ताट बाजूला सारलंस आणि म्हणालीस, "गोळ्यांच्या नादात चांगली वर्षं घालवू नकोस. माझं ऐक. मी रोज हेच बघते." आई म्हणाली, "तुला त्यातलं कळतं, तू म्हणशील तसं." मी भात चिवडत बसले होते. मी हो म्हणाले ते डॉक्टरांना नाही, तुला.

ऑपरेशननंतर काही शब्द जरा उशिरा येतील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तू म्हणालीस, "बोलघेवडी आहेस, दोनचार गेले तर आम्हालाच शांतता." तेव्हा मीही हसले होते.

आता मला रोज एकच वाटतं. तेव्हा तुझ्या डोळ्यांपुढे मी होते, की थर्मास?

याचं उत्तर दे. आणि कृपा करून त्यात कुठलाही रंग नको.

धाकटी


१२ जुलै

ताई,

तुझं मोठं पत्र आईनं माझ्या हातात दिलं आणि तिथेच उभी राहिली. मी म्हणाले, "औषधाची माहिती आहे, तुला नाही कळायची." ती म्हणाली, "माहिती वाचताना ओठ चावत नाहीत." आणि कणीक मळायला निघून गेली. तिला मी काही सांगितलेलं नाही. तुझ्यासाठी नाही, तिच्यासाठी.

वाचलं. परत वाचलं. यात रंग नाहीत, म्हणजे बहुतेक खरं असावं.

काप घेणारा आजारी पडला, दुसरं कुणी नव्हतं. ऑपरेशन नीट झालं असं सर्जननी बाहेर येऊन सांगितलं आणि मी शुद्धीवर यायला वेळ लागेल म्हणाले. तुला वाटलं, पोचवून, पाण्यात सोडून, परत येईन. तुकडा मेला असता, लिहितेस. असता. मीही मेले असते एखाद वेळेस, ताई, भुलीत माणसं जातात. मग तू पाण्यात काय सोडणार होतीस?

नंतर लिहितेस की परत निघणारच होतीस, कोटाची बटणं लावली होतीस, तेवढ्यात पडद्यावर वीज दिसायला लागली. 'तुला माझ्यासमोर फिट आली, बटण, काचेखाली. लहानपणापासून मी नुसती उशाशी बसून ती संपायची वाट बघितली. त्या दिवशी मी औषधाचा थेंब सोडला, बोगदे बंद झाले आणि ती थांबली. आयुष्यात पहिल्यांदा मी ती थांबवली. मला उठवेना.'

इथे मी पत्र दुमडून पिठाच्या डब्यावर ठेवलं आणि कपडे वाळत घालून आले. हे वाक्य मला खोटं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

पण पुढचं पान आहे. चेतापेशींना सांभाळणाऱ्या दुसऱ्या पेशी असतात, मदतनीस. चेतापेशी पेटल्या की बाहेर जो क्षार साचतो तो या उचलतात आणि आपापसातल्या बोगद्यांतून एकमेकींच्या हाती देत लांब नेऊन टाकतात. तिथे बोगदे उघडे असलेलेच बरे. ते बंद झाले की कचरा तिथेच साचतो आणि चेतापेशी आणखी भडकतात. आणि माझ्या तुकड्यात मदतनिसांचे बरेचसे बोगदे आधीच बंद पडलेले होते, उरलेले तुझं औषध बंद करेल. म्हणजे तुझं औषध काचेखालच्या कापात फिट थांबवतं, पण माझ्या सबंध जिवंत डोक्यात काय करेल ते तुला सांगता येत नाही. बरं करेल, किंवा आगीत तेल ओतेल.

हे तुला वर्षभर ठाऊक होतं. भाषणात नव्हतं. मला चाचणीला बोलावणाऱ्या पत्रातही नव्हतं. आता लिहितेस, 'ते तेव्हा लिहायचं राहिलं.'

राहिलं! भाजीत मीठ घालायचं राहतं, ताई.

'दुसऱ्या कुणाच्या तुकड्यात असं दिसलं नाही, तुझ्या एकटीच्याच तुकड्यात दिसलं, म्हणून मला वाटलं की मोजण्यात चूक असेल,' असं तुझं म्हणणं. तुला वाटावंसं वाटलं म्हणून वाटलं. भाषणात त्या बोगद्यांबद्दल इतकं गोड बोललीस, आणि आपल्या दोघींमधला बोगदा तू कधी बुजवलास ते मला कळलंसुद्धा नाही. मी वर्षभर भोकाला तोंड लावून बोलत होते आणि पलीकडे कुणीच नव्हतं.

मी की थर्मास, याचं उत्तर तू एका शब्दात दिलं आहेस. 'दोन्ही.' खाली लिहिलं आहेस, 'मला ते वेगळं करता येत नाही, खरंच येत नाही.' निदान इथे तरी तू स्वतःला चांगली दाखवायचा प्रयत्न केला नाहीस.

तू खरं लिहिलंस, तर मीही लिहिते. फिट परत येतात. भिंतीकडे बघत नव्हते मी. पूर्वीसारख्या मोठ्या नाहीत, पण येतात. काम मी कंटाळून सोडलं नाही.

भाऊंचा दुसऱ्या अंकात एक प्रवेश आहे. वाक्य बोलता बोलता ते थांबतात आणि दाराकडे बघतात, लांबलचक. प्रेक्षागृहात खोकलासुद्धा ऐकू येत नाही. नवा प्रॉम्प्टर हमखास तिथे वाक्य देतो आणि शिव्या खातो. मी कधीच दिलं नाही, कारण मुद्दाम थांबलेला नट खांदे सैल सोडून श्वास घेत असतो, आणि विसरलेल्याचा श्वास अडकतो. त्या दिवशी भाऊंचा श्वास अडकला. मी पाहिलं. वाक्य माझ्यापुढे होतं, बोट त्याच्यावर होतं. शब्द होता 'दार'. मला तो वाचता येईना. अक्षरं दिसत होती, नुसत्या रेघा. भाऊ माझ्या दिशेला वळले. माझं तोंड उघडं होतं. त्यापुढचं मला नंतर सांगितलं गेलं. पडदा पाडावा लागला. मी भानावर आले तेव्हा भाऊ मेकअपसकट शेजारी मांडी घालून बसले होते. म्हणाले, "काही नाही गं पोरी. मलाच आठवत नव्हतं, तुझा काय दोष?" मिठी मारली ती तेव्हा, निरोपाच्या दिवशी नाही. निरोपाच्या दिवशी नुसते पाया पडू देत नव्हते.

तेव्हा माझं ठरलं. तुझ्या चाचणीला मी येणार नाही. इथल्याच डॉक्टरांनी ती राहिलेली गोळी सुरू केली आहे. लागू पडेल, न पडेल. पण देताना त्यांनी चांगलं-वाईट दोन्ही सांगितलं, आणि त्यांना माझ्याकडून काही नको आहे. मदतनिसांच्या बंद बोगद्यांचं तू चाचणीत येणाऱ्या बाकीच्यांना सांगणार आहेस की नाही, ते मला कळव. नाही सांगितलंस तर मी सांगेन, आणि मग थर्मास कुणी नेला तेही सांगेन. ही धमकी आहे. धमकीच समज.

आणखी एक. त्या तुकड्यातल्या विजेचा आवाज तुम्ही स्पीकरवर ऐकता ना? भाषणात दुसऱ्या कुणाचा तरी ऐकवलास. माझा मला पाठव. त्या दिवसाचा, पहिल्यापासून शेवटपर्यंत. कापलेलं नको. तो माझा आहे.

धाकटी


२ ऑगस्ट

ताई,

रेकॉर्डिंग मिळालं. त्यासोबतची चिठ्ठीही. चाचणीतल्या लोकांना सगळं सांगितलंस, निम्मे परत गेले आणि वरिष्ठ तुझ्यावर भडकले. थर्मासचंही स्वतःच सांगून टाकलंस. नोकरीचं काय होतंय ते बघायचं, असं लिहिलंस. 'शाबास' म्हणायला हात उचलत नाही. पण आता झोप येत असेल तुला.

आई शेजारी गेली होती. मी स्वयंपाकघराचं दार लावलं, टेबलावर यंत्र ठेवलं आणि ऐकायला बसले. आधी नुसती खरखर. बुडबुड्यांचा आवाज. मग ते सुरू झालं. तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसं तडतडायला लागलं, आधी विरळ, मग दाट, मग सगळं एका लयीत. मला वाटलं होतं, ऐकताना ओळख पटेल. नाही पटली. मी माझ्या सगळ्या फिटमध्ये हजर होते आणि एकही मला ठाऊक नाही. त्या तुलाच ठाऊक.

मध्ये तुझा आवाज. कामाचा, कोरडा. "औषध सोडलं." तडतड विरळ होत गेली. एक थेंब. बऱ्याच वेळानं आणखी एक. मग नुसते बुडबुडे. "थांबली," तू म्हणालीस, तेही कोरडंच.

तिथे रेकॉर्डिंग संपायला हवं होतं. नोंदीसाठी बोलायचा माइक तू बंद करायला विसरलीस. तुझ्या लक्षात होतं का ताई, पुढे काय आहे ते? की 'कापलेलं नको' म्हणाले म्हणून न ऐकताच पाठवून दिलंस? मला वाटतं, तुझ्या लक्षात नव्हतं.

खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. थर्मासचं झाकण लावल्याचा. मग तू अगदी जवळ येऊन, भोकातून बोलायचीस त्या आवाजात बोलतेस. "बटण? मी कोण?" थोडं थांबतेस. "आपण कुठे आहोत?" परत थांबतेस. मग, "काल काय जेवलीस?"

आणि मग तू बोलत नाहीस. फार वेळ. माणसं मुद्दाम थांबतात ते मला कळतं, विसरून थांबतात तेही कळतं. इतकी वर्षं मी दुसरं केलं काय? हे तिसरंच होतं. तू वाट बघत होतीस. शिकलीसवरली बाई, काचेच्या वाटीतल्या मांसाच्या चकतीकडून उत्तराची वाट बघत होतीस. मग तू एकदा नाक ओढलंस, आणि टक् करून आवाज बंद.

मी खूप रडले. आई आली, काही न विचारता चहा टाकला. राग गेला असं मात्र समजू नकोस. उलट आता तो कुठे ठेवावा ते कळेना झालंय. तू मला विसरली नव्हतीस. विसरली असतीस तर सोपं होतं. ठरलेले प्रश्न, ठरलेल्या वेळी, शब्दन् शब्द तू विचारलेस. फक्त मला नाही. मी पुलाच्या अलीकडे एका परक्या बाईच्या हातात हात देऊन 'ती, ती' करत होते, आणि माझे प्रश्न तू दुसऱ्याला विचारत होतीस.

गोळी सुरू करून महिना होत आला. अजून तरी काही झालेलं नाही. भाऊंचा निरोप आला, बसून काम करायचं असेल तर तालमीला ये, खुर्ची ठेवतो. जाईन म्हणते.

तू वाट बघत राहिली असशील, म्हणून लिहिते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर: तू ताई आहेस. हा शब्द आता मला लगेच सापडतो. दुसऱ्याचं: मी आईच्या स्वयंपाकघरात आहे, खिडकीपाशी, शुद्धीवर. तू कुठे आहेस ते तुझं तू बघ.

तिसऱ्याचं उत्तर मला येतं. अगदी जिभेवर आहे. ते मी देणार नाही. ज्याला विचारलंस, त्याच्याकडून घे.

बटण